टेट्रिसमध्ये चार ओळी भरल्या की आर्डुइनो रीसेट होतो: कारण कसं शोधायचं आणि कसं घालवायचं

दहा बाय वीसचा एलईडी पडदा, आर्डुइनो उनो हा छोटा प्रोसेसर-बोर्ड, चार-पाच बटणं, एक बझर, आणि त्यावर टेट्रिस. खेळ सुरू होतो. पहिले तुकडे झकास पडतात, फिरतात, बसतात. ढीग वाढत जातो. मग लांब काठी बरोबर फटीत उतरते, चार ओळी एकदम भरतात, आणि त्या चमकून नाहीशा व्हायच्या ऐन क्षणी पडदा काळा पडतो. खेळ पहिल्यापासून, गुण शून्य. कधी रीसेटऐवजी चित्र आहे तिथेच गोठतं. कधी खालच्या रांगांत भलतेच रंग सांडतात. पुन्हा चालू केलं की पुन्हा छान चालतं आणि पुन्हा तिथेच येऊन अडतं.

हा पडदा बहुतेकांनी डब्ल्यूएस२८१२बी एलईडींच्या पट्टीतून बनवलेला असतो. मीटरला ६० एलईडींची पट्टी घ्यायची, वीस-वीसचे दहा तुकडे कापायचे, शेजारी शेजारी चिकटवायचे आणि नागमोडी जोडायचे. साधारण १७ सेंटिमीटर रुंद, ३३ सेंटिमीटर उंच असा सुरेख पडदा तयार होतो. स्नेक, पाँग, ब्रेकआउट काहीही त्यावर चालवता येतं. पण वर सांगितलेला त्रास टेट्रिसमध्येच सगळ्यात जास्त होतो, आणि त्याला नेमकं कारण आहे.

बिघाड ओळ पुसण्याच्या क्षणी होतो म्हणून जो तो ओळ पुसणारा कोड तपासत बसतो. अनुक्रमांक चुकला असेल, अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं जात असेल, लूप संपत नसेल. तिथे रात्रीच्या रात्री जातात. माझं ठाम मत आहे की कोडची एकही ओळ बदलण्याआधी वीज मोजायला हवी, कारण टेट्रिसमध्ये ओळ पुसण्याचा क्षण हा खेळातला सगळ्यात जास्त वीज ओढणारा क्षण असतो.

चमकण्याचा हिशेब

या एलईडीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. पूर्ण उजेडात प्रत्येकाला साधारण २० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे पांढऱ्या रंगाला ६०. आता टेट्रिसचे नेहमीचे सात रंग बघा. आकाशी, पिवळा आणि जांभळा यांना दोन-दोन दिवे लागतात, लाल, हिरवा आणि निळा यांना एकेक, नारिंगीला दीड. सरासरी काढली तर एका घराला दीड दिवा, म्हणजे ३० मिलिअँपिअर.

ढीग वाढून २०० पैकी १२० घरं भरली की पडदा ३.६ अँपिअर ओढतोय. चार ओळी भरल्यावर त्यांतली ४० घरं पांढरी केली की त्यांचा वाटा १.२ वरून २.४ अँपिअरवर जातो. एका फ्रेममध्ये १.२ अँपिअरची उडी. आणि पुष्कळ जण हौसेने चार ओळींना अख्खा पडदा पांढरा चमकवतात. ती उडी ३.६ वरून थेट १२ अँपिअरवर!

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेला तो हातातला ब्रिक गेम आठवा. त्याचाही पडदा दहा बाय वीसचाच होता, पण एलसीडीचा. एलसीडीचं घर काळं करायला नगण्य वीज लागते, त्यामुळे पडदा रिकामा असो की गच्च भरलेला, सेलला फरक पडत नव्हता. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका ६० वर पहिला टेट्रिस लिहिला तेव्हा तर तुकडे अक्षरचिन्हांनीच काढलेले होते. खेळाच्या रचनेत विजेचा विचार कुठेच नव्हता. एलईडीवर आणल्यावर मात्र ढिगाची उंची म्हणजेच विजेचा भार होतो, आणि खेळणारा हरण्याच्या जवळ येतो तसा पुरवठाही कोलमडण्याच्या जवळ येतो. म्हणूनच रिकाम्या पडद्यावर घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही.

पहिली चाचणी: फक्त उजेड कमी करा

एलईडी चालवणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) पडद्याचा एकूण उजेड ० ते २५५ मध्ये ठरवता येतो. तो १० वर आणा. बाकी काहीही बदलू नका, ना वायर, ना कोड. आता तोच खेळ खेळा, ढीग वाढू द्या, चार ओळी भरा.

दोष गायब झाला तर कारण वीज आहे. ही चाचणी इतकी खात्रीची आहे कारण उजेड बदलल्याने स्मृती तेवढीच वापरली जाते, डेटा पाठवायला वेळ तेवढाच लागतो, खेळाचं तर्कशास्त्रही तेच राहतं. बदलतो तो फक्त प्रवाह.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जण वेगळी अ‍ॅरे न ठेवता पिक्सेलचा रंग परत वाचून घर भरलंय की नाही ते ठरवतात. अ‍ॅडाफ्रूटच्या निओपिक्सेल लायब्ररीत उजेड कमी केला की साठवलेले आकडेच लहान केले जातात, त्यामुळे परत वाचलेला रंग लिहिलेल्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही. अशा कोडमध्ये उजेड कमी केल्यावर ओळी पुसणंच बंद पडेल. तो दोष वेगळा आहे. ढिगाची नोंद स्वतंत्र ठेवा. दोनशे घरांसाठी दोनशे बाइट पुरतात, आणि काटकसर हवी असेल तर एका बाइटमध्ये दोन घरं बसवून शंभरात काम होतं.

दुसरी चाचणी: रीसेट झालाय की गोठलाय?

सुरुवातीच्या सेटअपमध्ये १३ क्रमांकाच्या पिनवरचा दिवा पाच वेळा भराभर लुकलुकवा. मग मुख्य लूपमध्ये तोच दिवा दर अर्ध्या सेकंदाला उघडझाप करू द्या. एवढ्या दोन गोष्टींनी तीन वेगवेगळे आजार ओळखता येतात.

खेळाच्या मधेच पाच भराभर लुकलुकी दिसल्या तर बोर्ड रीसेट झाला. अर्ध्या सेकंदाची उघडझाप थांबली आणि चित्र तसंच राहिलं तर प्रोसेसर अडकला. चित्र टिकून राहण्याचं आश्चर्य नको, या एलईडींत शेवटचा रंग धरून ठेवण्याची सोय असते. नवीन डेटा आला नाही तर ते जुनंच दाखवत राहतात. आणि दिवा व्यवस्थित लुकलुकतोय पण पडदा हलत नाही, असं असेल तर प्रोसेसर ठणठणीत आहे, डेटाची वायर किंवा पहिला पिक्सेल गेला आहे.

वीज कमी पडल्यावर कधी रीसेट होतो आणि कधी गोठतो, याचं कोडं बऱ्याच जणांना पडतं. उनोवरचा प्रोसेसर, एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्या वेगाला डेटाशीटप्रमाणे (उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे) साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. पण व्होल्टेज पडल्यावर चिपला रीसेट करणारा जो पहारा आहे, तो उनोवर २.७ व्होल्टला लावलेला असतो. म्हणजे ३.८ आणि २.७ च्या मधल्या पट्ट्यात चिप चालूही नाही आणि बंदही नाही. सूचना चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात, उडी भलतीकडे पडू शकते. खोल खड्डा पडला तर रीसेट, उथळ खड्डा पडला तर गोठणं. कोडमध्ये ज्याचं काहीच स्पष्टीकरण सापडत नाही असं वेडंवाकडं वागणं याच पट्ट्यातून येतं. ईईप्रॉममध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत) ठेवलेला हायस्कोअर आपोआप भलताच झाला असेल, तर तोही याच पट्ट्याकडे बोट दाखवतो.

मल्टिमीटर कुठे लावायचा

खेळ बाजूला ठेवा. एक छोटा प्रोग्राम लिहा: अख्खा पडदा पांढरा, उजेड २० पासून सुरू, दर पाच सेकंदांनी थोडा थोडा वाढवत न्यायचा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक टप्प्यावर या जागा मोजा.

एसएमपीएसच्या, म्हणजे २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या पुरवठ्याच्या, टर्मिनलवर. पट्टीच्या सुरुवातीला. पट्टीच्या अगदी शेवटी. आर्डुइनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनमध्ये. आणि शेवटचं, जे कोणीच मोजत नाही: एसएमपीएसचं ऋण टर्मिनल आणि आर्डुइनोचं ग्राउंड यांच्यामध्ये. हे दोन्ही बिंदू एकच असायला हवेत, म्हणजे शून्य यायला हवं. तिथे दोन-तीनशे मिलिव्होल्ट दिसले तर आर्डुइनोचं शून्य आणि पट्टीचं शून्य वेगळं झालंय, आणि डेटा चुकण्याचं कारण हातात आलं.

टर्मिनलवरच व्होल्टेज पडत असेल तर पुरवठा लहान आहे. टर्मिनलवर पाच टिकतायत पण पट्टीवर चारच पोचतायत, तर वायर किंवा जोड दोषी. साधा मल्टिमीटर क्षणिक खड्डे दाखवत नाही, म्हणूनच पडदा स्थिर ठेवून मोजायचं. ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर ५ व्होल्टच्या रेषेवर ४.५ ला खाली उतरणारा ट्रिगर लावा आणि खेळा. पहिल्याच चार ओळींना खड्डा पकडला जाईल.

मीटरशिवायही एक खूण डोळ्यांना दिसते. पडदा पांढरा केल्यावर शेवटच्या रांगा पिवळट किंवा तांबूस दिसू लागतात. निळ्या आणि हिरव्या दिव्याला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, लालला कमी. त्यामुळे व्होल्टेज पडलं की निळा आधी मंदावतो. शेवटची रांग तांबूस दिसली की समजा, तिथवर वीज नीट पोचत नाही.

वीज नेमकी कुठे हरवते

सगळ्यात जास्त वेळा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करायची भोकांची पाटी) आणि त्यात खोचायच्या जम्पर वायर. जम्परची वायर बहुधा २८ गेजची किंवा त्याच्या आसपासची असते. तिचा रोध मीटरला ०.२ ओमच्या जरा वर. वीस सेंटिमीटर जायला आणि वीस यायला धरले तर ०.०८५ ओम, आणि ३ अँपिअरला पाव व्होल्ट नुसत्या तांब्यात गेला. शिवाय ब्रेडबोर्डच्या पट्ट्या साधारण एक अँपिअरपर्यंतच्याच असतात; त्यांतून तीन-चार अँपिअर न्यायला गेलं की पट्टी तापते, पकड सैल होते आणि रोध आणखी वाढतो. पडद्याची वीज ब्रेडबोर्डमधून कधीही नेऊ नका. नमुना असो की पक्का खोका, याला अपवाद नाही.

दुसरी जागा म्हणजे आर्डुइनोचा ५ व्होल्ट पिन. पट्टी तिथूनच जोडलेली असते आणि आर्डुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. उनोवर यूएसबीच्या वाटेत ५०० मिलिअँपिअरचा, स्वतःच पूर्ववत होणारा फ्यूज असतो. दोनशे एलईडी सगळे काळे असले तरी त्यांच्या आतल्या चिपा मिळून १५०-२०० मिलिअँपिअर खातात. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच निम्म्याच्या आसपास कोटा संपला.

तिसरी जागा, गोल जॅकमध्ये १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. उनोवरचा रेग्युलेटर वरचे सात व्होल्ट उष्णता करून टाकतो. अर्धा अँपिअर ओढला तरी साडेतीन वॅट त्या इवल्याशा चिपमध्ये जिरवायचे, ते तिला झेपत नाही. तापून ती स्वतःला बंद करते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते. याची खूण अशी की बिघाड ओळी भरण्याशी जुळत नाही, काही मिनिटांच्या खेळाशी जुळतो, आणि थोडा वेळ बंद ठेवलं की आपोआप बरं होतं. बोटाने तपासताना जपून, चटका बसतो.

चौथी जागा नागमोडी वळणांवरचे सोल्डरिंगचे डाग. दहा रांगांना नऊ वळणं, प्रत्येक वळणावर तीन वायरी. एखादा डाग वरून चकचकीत दिसतो पण खाली धरलेला नसतो. इथे एक नियम फार उपयोगी पडतो. प्रत्येक पिक्सेल आपले २४ बिट ठेवून उरलेला डेटा नव्याने आखून पुढे पाठवतो. त्यामुळे ज्या पिक्सेलपासून पुढे रंग बिघडतात, दोष त्या पिक्सेलमध्ये किंवा त्याच्या लगेच आधीच्यात किंवा त्या दोघांमधल्या जोडात असतो. एकविसाव्यापासून चित्र बिघडतंय म्हणजे पहिलं वळण. सगळा पडदा उकलत बसायची गरज नाही.

दुरुस्ती

पुरवठा ५ व्होल्टचा, किमान ५ अँपिअरचा घ्या. पांढरी चमक पूर्ण उजेडात हवीच असेल तर १५ अँपिअरचा. जाळीच्या पत्र्याचे एसएमपीएस पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. विकत घेताना शक्य असेल तर भार लावून मोजून घ्या. त्यांवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो. वायरीतला तोटा भरून काढायला तो वर चढवायचा मोह होतो, पण डब्ल्यूएस२८१२बीची डेटाशीटमधली कमाल मर्यादा ५.३ व्होल्ट आहे, आणि पडदा काळा असताना तोटा नसतो, तेव्हा पूर्ण व्होल्टेज एलईडींवर येतं. वायर जाड करा, स्क्रूला हात लावू नका. आणि २३० व्होल्टचे टर्मिनल उघडे ठेवू नका. लहान मुलं खेळणार आहेत त्या खोक्यात तर झाकण, अर्थिंग आणि मेनला फ्यूज हे तिन्ही हवेतच.

पट्टीपर्यंत घरातल्या वायरिंगची १ स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणा. अर्धा मीटर जायला आणि अर्धा यायला धरून तिचा रोध ०.०१७ ओम, ४ अँपिअरला सात शतांश व्होल्ट. जम्परच्या तुलनेत जवळजवळ काहीच नाही. वीज पट्टीच्या एकाच टोकाला देऊ नका. पडद्याच्या वर आणि खाली धनासाठी एक आणि ऋणासाठी एक अशी जाड वायरींची जोडी आडवी टाका आणि प्रत्येक रांगेचं धन धनाच्या वायरीला, ऋण ऋणाच्या वायरीला डागा. डेटा नागमोडीच जाऊ द्या, वीज मात्र सगळ्या रांगांना सारखी मिळू द्या.

आर्डुइनोला वीज थेट एसएमपीएसच्या टर्मिनलवरून स्वतंत्र जोडीने द्या, पट्टीच्या टोकावरून नको. पट्टीवर कितीही हेलकावे आले तरी टर्मिनलवर ते सगळ्यात कमी असतात. कोड चढवताना लॅपटॉपची यूएसबी लावण्याआधी एसएमपीएसची ५ व्होल्टची वायर आर्डुइनोपासून काढा, ग्राउंड राहू द्या. नाहीतर दोन पुरवठे एकमेकांत वीज ढकलतात. आणि अशा वेळी पट्टीचा पुरवठा बंद ठेवून आर्डुइनोतून डेटा पाठवत राहू नका. बिनविजेचा पहिला पिक्सेल डेटाच्या वायरीतूनच वीज ओढायला लागतो आणि त्यात जळू शकतो. डेटाच्या वायरीत पट्टीच्या बाजूला ३३० ओमचा रेझिस्टर घातला की हा धोका आणि पहिल्या पिक्सेलची थरथर दोन्ही कमी होतात.

पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, असं सगळीकडे सांगितलेलं असतं. लावा, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते हिशेबाने बघा. पुरवठ्याला एक अँपिअर कमी पडत असेल तर या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मिलिसेकंदाला एक व्होल्ट या वेगाने उतरतं. ओळींची चमक दोन-तीनशे मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात तो कधीच रिकामा होऊन गेलेला असतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. एलईडीचा उजेड कमी केला तरी आतला दिवा मंद पेटत नाही, पूर्ण प्रवाहाने फार थोडा वेळ पेटून विझतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. सरासरी प्रवाह कमी होतो, क्षणिक शिखर नाही. ही छोटी शिखरं झेलण्यासाठी कपॅसिटर हवा. लहान पडलेल्या पुरवठ्याची भरपाई त्याने होत नाही.

आणि आता कोडमधला एकच बदल, तोही विजेसाठीच. फास्टएलईडी लायब्ररीत कमाल व्होल्ट आणि मिलिअँपिअर सांगायची सोय आहे; चित्राचा अंदाजित भार त्याहून जास्त झाला की ती उजेड आपोआप उतरवते. ती नक्की वापरा. दुसरी लायब्ररी असेल तर एकूण उजेड ४० वर ठेवून बघा. बारा अँपिअरची चमक दोनच्या आत येते, आणि घरात, संध्याकाळच्या प्रकाशात ४० सुद्धा डोळ्यांना भरपूर वाटतं. चमकेसाठी पांढऱ्याऐवजी ओळी एक फ्रेम विझवून पुन्हा दाखवल्या तरी खेळणाऱ्याला तोच आनंद मिळतो, आणि भार वाढण्याऐवजी घटतो. मला तर हे जास्त देखणं वाटतं.

उजेड कमी करूनही दोष राहिला तर

मग कोडकडे वळा. पण तिथेही आधी स्मृती बघा. उनोकडे २०४८ बाइट रॅम. दोनशे पिक्सेलना सहाशे बाइट लागतात. निओपिक्सेल लायब्ररी हे सहाशे बाइट प्रोग्राम चालू झाल्यावर मागून घेते, त्यामुळे कंपाइल करताना आयडीई (कोड लिहायचं आर्डुइनोचं सॉफ्टवेअर) जो रॅमचा आकडा दाखवतं त्यात ते धरलेले नसतात. आयडीई म्हणतं ११०० बाइट वापरले, ९४८ मोकळे. प्रत्यक्षात मोकळे साडेतीनशेच्या आसपास. तेवढ्यात फंक्शनांचा स्टॅक (त्यांची तात्पुरती जागा) मावायचा. गुण दाखवायला स्ट्रिंग वापरली, सिरीयलवर (यूएसबीने लॅपटॉपच्या पडद्यावर) लांब वाक्यं छापली, की स्टॅक आणि हीप (चालताना मागून घेतलेली जागा) एकमेकांवर चढतात आणि खेळ गोठतो. याची खूण म्हणजे उजेड कितीही ठेवा, खेळ तेच केल्यावर त्याच ठिकाणी पडतो. तुकड्यांचे आकार फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवण्याच्या स्मृतीत) ठेवा, छापायची वाक्यंही तिथेच राहावीत म्हणून एफ मॅक्रोत गुंडाळा, स्ट्रिंग काढून टाका.

घड्याळ मागे पडण्याचा त्रास वेगळा. तुकडे ठरवलेल्या वेगापेक्षा हळू पडतात, बझरची धून मधूनमधून कापली जाते. या एलईडींना एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांत द्यावा लागतो, म्हणजे एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद, दोनशेंना ६ मिलिसेकंद. या पूर्ण वेळात लायब्ररी इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करून घेण्याच्या हाका) बंद ठेवते. मिलिस फंक्शनसाठी वेळ मोजणारा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदांनी इंटरप्ट मागतो. सहा मिलिसेकंदांत मागितलेल्यांपैकी एकच राखून ठेवला जातो, बाकीचे वाया. सेकंदाला ६० फ्रेम काढल्या तर घड्याळ दर सेकंदाला जवळजवळ ३०० मिलिसेकंद विसरतं. फास्टएलईडी एव्हीआर चिपांवर (उनोवरची चिप याच जातीची) ही चूक भरून काढते, निओपिक्सेल काढत नाही. मुळात टेट्रिसला ६० फ्रेम लागतच नाहीत. तुकडा हलला, फिरला किंवा बसला तेव्हाच पडदा पाठवा. धूनसाठी टोन फंक्शन टाळा, तेही इंटरप्टवरच जगतं. टायमर १ ला पिन ९ स्वतः उलटसुलट करू द्या, मग इंटरप्ट बंद असले तरी सूर तुटत नाही.

उनोऐवजी ईएसपी३२ या जास्त ताकदीच्या बोर्डवर गेलं की हे वेळेचे प्रश्न सुटतात, कारण डेटा पाठवायला त्यात वेगळं हार्डवेअर आहे. स्मृतीचाही प्रश्न उरत नाही. विजेचा मात्र जसाच्या तसा राहतो, आणि एक नवा येतो. डब्ल्यूएस२८१२बीला 'एक' समजायला पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्टेज हवं, म्हणजे पाच व्होल्टवर साडेतीन. ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर ते चालूनही जातं, आणि खोक्यात बसवून वायर थोडी लांबली की थरथरायला लागतं. मधे ७४एएचसीटी१२५ सारखा लेव्हल शिफ्टर (३.३ व्होल्टचा सिग्नल ५ चा करणारी चिप) घाला. काही रुपयांची चिप आहे, आणि तिच्याशिवाय केलेलं काम भरवशाचं नसतं. ईएसपी३२ वर एक सोय चांगली आहे: व्होल्टेज पडून रीसेट झाला तर तो सिरीयलवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असं स्वतःच सांगतो.

१९७२ साली कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्नमध्ये पाँग या व्हिडिओ गेमचं पहिलं, नाण्यावर चालणारं यंत्र ठेवलं होतं. ते बंद पडल्याचा निरोप आला म्हणून ते बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न स्वतः तपासायला गेले. सर्किट व्यवस्थित होतं. नाण्यांची पेटी इतकी भरली होती की पुढचं नाणं आत जातच नव्हतं. पाँगमध्ये तर प्रोसेसरही नव्हता, कोडही नव्हता. खेळ आत आहे म्हणून बिघाडही खेळातच असतो असं नाही.

दुरुस्ती टिकली का ते बघायचं

एक-दोन डाव खेळून खोका बंद करू नका. खेळाला स्वयंचलित पद्धत जोडा: बटणांऐवजी यादृच्छिक हालचाली, आणि दर मिनिटाला मुद्दाम अख्खा पडदा भरून चमक. सेटअपमध्ये ईईप्रॉमच्या एका जागेवरचा आकडा एकने वाढवा. आकडा शून्य करा, चालू करा आणि रात्रभर चालू द्या. झोपण्याआधी अर्धा तास जवळ बसून वायरी, डाग आणि एसएमपीएस हात लावण्याइतके गार आहेत का ते बघा. काही तापत असेल तर रात्रभर सोडू नका. वायरी हलकेच हलवून, खोका थोडा ठोकून बघा, सैल जोड तिथेच बोलतो. सकाळी सिरीयलवर आकडा वाचा, पण यूएसबी लावताना आणि सिरीयल मॉनिटर उघडताना उनो स्वतःच पुन्हा सुरू होतो, ती वाढ त्यातून वजा करा. एक उरला तर बोर्ड फक्त तुम्ही चालू केलात तेव्हाच सुरू झाला होता, आता झाकण बसवायला हरकत नाही. एकाहून जास्त उरला तर मल्टिमीटर घेऊन पुन्हा त्या पाच जागा, आणि यावेळी सुरुवात ग्राउंडपासून.